परिचर्येची परीक्षा : सराव प्रश्न सोडवावेत कसे?

राज्याच्या आरोग्यव्यवस्थेत परिचारिकेचे स्थान कोणते, हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सपाट प्रदेशात साधारणतः पाच हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा निकष आहे. त्या उपकेंद्राच्या दारात गावकऱ्यांना प्रथम भेटते ती सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे सर्वांच्या परिचयाची ‘एएनएम’ किंवा नुसतीच ‘सिस्टर’. ही सिस्टर तेथवर पोहोचते ती एका परीक्षेचा उंबरठा ओलांडून. त्या परीक्षेची तयारी हा विषय मात्र वसतिगृहाच्या भिंतींबाहेर फारसा चर्चिला जात नाही.

नागपूर हे विदर्भाचे वैद्यकीय केंद्र होय. ‘मेडिकल’, ‘मेयो’ आणि ‘डागा’ ही तीन नावे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच नव्हे, तर सीमेपलीकडील मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रुग्णांच्याही तोंडी असतात. याच शहरात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी खेड्यापाड्यांतून मुली येतात. त्यांपैकी कित्येकींच्या घरी नोकरीचा पगार प्रथमच येणार असतो आणि तो याच परीक्षेवर अवलंबून असतो.

गेल्या उन्हाळ्यात शासकीय कामानिमित्त अशाच एका वर्गात तासभर बसण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. परीक्षा महिन्यावर आली होती. शिकविणाऱ्या मॅडमनी फळ्यावर एक साधे उदाहरण लिहिले : ‘५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यावयाचे आहे. ड्रिप सेटचा ड्रॉप फॅक्टर २० आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये वीस थेंब पडतात. दर मिनिटाला किती थेंब सोडाल?’ थोड्या वेळाने त्यांनी पुढच्या बाकावरील मुलीला उत्तर विचारले. ती म्हणाली, ‘अडीच हजार, मॅडम.’ वर्गात हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘एका मिनिटात अडीच हजार थेंब पडताना तू कधी पाहिलेस का गं?’ मुलगी क्षणभर थांबली आणि वहीत खाडाखोड करून तिने स्वतःच ४२ हे उत्तर काढले. चार तासांची २४० मिनिटे करावयाची राहून गेली होती, इतकेच. लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्याच्याही टिपणवहीत अडीच हजार हाच आकडा होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

सराव प्रश्नांचा खरा उपयोग कोणता, हे त्या दहा मिनिटांत जितके स्पष्ट झाले, तितके एखाद्या मार्गदर्शक पुस्तकाच्या प्रस्तावनेतून झाले नसते. आपण नेमके कोठे आणि का चुकतो, ते रुग्णाजवळ जाण्यापूर्वी कळावे, यासाठी सराव प्रश्न असतात. पाठ केलेले उत्तर आठवते की नाही, एवढेच पाहण्यासाठी ते सोडविले, तर त्यांचा निम्म्याहून अधिक लाभ वाया जातो.

परवाना आणि नोंदणी

काही देशांत शिक्षण पूर्ण झाल्यावर व्यवसायाच्या परवान्यासाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत ‘प्रॅक्टिकल नर्स’ म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘एनक्लेक्स-पीएन’ ही अशीच संगणकावरील परीक्षा आहे. उत्तर बरोबर आले की पुढील प्रश्न अधिक कठीण, चुकले की अधिक सोपा, अशी तिची योजना असून, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्नांत उमेदवाराची योग्यता ठरते. एप्रिल २०२३ पासून या परीक्षेत एका रुग्णाची हकीकत देऊन तिच्यावर ओळीने प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर भर देण्यात आला आहे. नुसती माहिती असणे वेगळे आणि त्या माहितीवरून निर्णय घेणे वेगळे, हा त्यामागील विचार आहे.

आपल्याकडील रचना निराळी आहे. येथे अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा आणि त्यानंतरची नोंदणी मिळून परवान्याचे काम करतात. सहायक परिचारिका प्रसाविका हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि सामान्य परिचर्या व प्रसाविका, म्हणजे जीएनएम, हा तीन वर्षांचा आहे. या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळामार्फत घेतल्या जातात. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण मिळविणे आवश्यक असते. एकातील जादा गुण दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. उत्तीर्ण विद्यार्थिनींची नोंदणी, महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ या कायद्याखाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. या नोंदणीवाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. शासकीय व निमशासकीय भरतीच्या परीक्षा त्यानंतरच्या असून त्यांत बहुपर्यायी प्रश्नांचे प्राबल्य असते.

विद्यार्थिनीला म्हणून दोन प्रकारच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. एकात टीपा लिहावयाच्या, फरक सांगावयाचा, परीक्षकासमोर कृती करून तोंडी उत्तरे द्यावयाची. दुसऱ्यात चारांपैकी एका पर्यायावर खूण करावयाची. पुष्कळ मुली या दोहोंची तयारी वेगवेगळी समजतात. वस्तुतः पाया एकच आहे.

वाचण्यापेक्षा आठवून पाहणे

आपल्याकडे पाठांतराची परंपरा मोठी आहे आणि ती टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. लसीकरणाचे वेळापत्रक पाठच असले पाहिजे. तथापि एकच पान दहा वेळा वाचणे आणि पुस्तक मिटून ते आठवून पाहणे, यांत फार अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुनःपुन्हा वाचावयास दिला आणि काहींना तो वाचून झाल्यावर आठवून लिहावयास लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनर्वाचन करणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले.

यातील पहिला भाग दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. रात्री जागून पान पुन्हापुन्हा वाचले की सकाळी ‘सगळे येते’ असे वाटते; आणि ते त्या वेळेपुरते खरेही असते. परीक्षेच्या आदल्या दिवशीचा हा आत्मविश्वास पुढील आठवड्यात, वॉर्डात, साथ देत नाही. म्हणून प्रकरण वाचून झाले की त्याच दिवशी पाच प्रश्न, दोन दिवसांनी तेच प्रश्न उलट क्रमाने आणि आठवड्याने पुन्हा एकदा, एवढी शिस्त पाळली तरी पुरे. यासाठी महागडे प्रश्नसंच लागत नाहीत. दोन मैत्रिणींनी एकमेकींना विचारले तरी भागते. किंबहुना स्वतः प्रश्न तयार करताना विषय जितका समजतो, तितका दुसऱ्याचा प्रश्न सोडविताना समजत नाही.

चुकीचे पर्यायही वाचावेत

चांगल्या बहुपर्यायी प्रश्नातील चुकीचे पर्याय कसेही घेतलेले नसतात. त्या सलाईनच्या उदाहरणाला २५, ३१, ४२ आणि १२५ असे चार पर्याय दिले आहेत, असे समजू. ४२ हे बरोबर. ३१ कोणाचे येईल? ड्रॉप फॅक्टर सवयीने १५ धरणारीचे. १२५ कोणाचे? लहान मुलांसाठी वापरावयाचा, मिलिलिटरला ६० थेंब देणारा मायक्रो ड्रिप सेट समजून चालणारीचे. आणि २५? पाचशेला सरळ वीसने भागून मोकळी होणारीचे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे अशी एक चूक दडलेली असते. उत्तर बरोबर आल्यावरही उरलेले तीन पर्याय कसे निघाले असतील, याचा शोध घेण्याची सवय लावावी. या शोधात जो वेळ जातो तो सत्कारणी लागतो.

औषधाच्या मात्रेच्या उदाहरणांत तर ही सवय अत्यावश्यक आहे. दहा किलो वजनाच्या बालकाला ताप आहे. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम याप्रमाणे पॅरासिटामॉल लिहून दिले आहे, म्हणजे १५० मिलिग्रॅम. येथवर सारे सोपे. पण हातात कोणती बाटली आहे? पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ६ मिलिलिटर. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले असेल तर ३ मिलिलिटर. आणि तान्ह्या मुलांसाठी मिळणारे, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर केवळ दीड मिलिलिटर. सिरपचे ‘६’ हे उत्तर पाठ करून कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून ६ मिलिलिटर दिले, तर बालकाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध गेले. औषध तेच, बाळ तेच, उत्तरही ‘पुस्तकातलेच’. म्हणून मात्रेचा प्रश्न सोडविताना पहिली ओळ नेहमी बाटलीच्या लेबलावरील मजकुराची लिहावी, असा त्या मॅडमचा आग्रह होता आणि तो सर्वथा योग्य वाटतो.

दुसरी खबरदारी दशांश चिन्हाची. ०.५ हे ‘.५’ असे लिहिले आणि तो ठिपका पुसट झाला, तर वाचणारी ५ वाचते. ‘५.०’ असे लिहिले, तर ५० वाचले जाण्याची भीती असते. पूर्णांक नसेल तेथे शून्य लिहावे आणि पूर्णांकानंतरचे निरर्थक शून्य टाळावे, हा नियम सरावाच्या वहीतसुद्धा मोडू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे आलेले उत्तर संभवनीय आहे काय, हे पाहणे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखविल्याची बातमी देशभर गाजली होती. नागपूरचा उन्हाळा आम्हांस ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही येथे नवलाई नाही. पण छप्पन्न? हवामान विभागाने पुढे उपकरणात दोष असल्याचे सांगितले. वॉर्डातील रक्तदाबमापक, तापमापक आणि आपली आकडेमोड यांच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. आकडा अचाट आला की आधी उपकरण आणि आकडेमोड पुन्हा तपासावी. अडीच हजार थेंबांचे तेच झाले होते.

आधी काय, मग काय

परिचर्येच्या परीक्षेत अनेक प्रश्नांचा रोख ‘सर्वप्रथम काय कराल?’ असा असतो. विद्यार्थिनींना हे प्रश्न सर्वांत अवघड जातात. कारण चारही पर्याय बरोबरच असतात, फक्त क्रमाचा प्रश्न असतो. उदाहरणार्थ, प्रसूती झाली, बाळ रडले. आता मातेचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन एका मिनिटाच्या आत स्नायूत द्यावयाचे आहे. हा मजकूर सर्वांना पाठ असतो. पण इंजेक्शनच्या आधी एक गोष्ट केलीच पाहिजे : पोटावर हात ठेवून दुसरे बाळ नाही ना, याची खात्री. जुळे असेल आणि गर्भाशय औषधाने आकुंचन पावले, तर आतील बाळाचे काय होईल, हे ज्या मुलीने एकदा डोळ्यांसमोर आणले, तिला हा क्रम पाठ करावा लागत नाही.

अशा प्रश्नांना उत्तर देताना तीन गोष्टी मनाशी विचाराव्यात. जीवाला तत्काळ धोका कशाने आहे? मी जे करणार आहे, त्याने अपाय होण्याचा संभव आहे काय, आणि असल्यास तो टाळण्यासाठी आधी काय पाहिले पाहिजे? हे काम माझ्या अधिकारातील आहे की पुढे पाठवावयाचे? तिसरा प्रश्न मुली पुष्कळदा विसरतात. उपकेंद्रातील सिस्टरने रुग्णाला योग्य वेळी पुढे पाठविणे, हेही बरोबर उत्तर असते. आणि पाठविण्यापूर्वी द्यावयाचा पहिला डोस देऊन पाठविणे, हे त्याहून बरोबर.

रुग्णाच्या तोंडची भाषा

पाठ्यपुस्तकातील शब्द इंग्रजी वळणाचे, शिकविण्याची भाषा मिश्र, विद्यार्थिनीच्या घरची भाषा वऱ्हाडी, झाडीबोली किंवा गोंडी, आणि रुग्ण मात्र आपल्याच बोलीत बोलणार. ‘लेकराले कालपासून हगवण लागली हाये, डोये खोल गेले,’ असे म्हणणारी आई ‘निर्जलीकरणाची लक्षणे’ सांगत असते. परीक्षेतील वाक्य आणि गावातील वाक्य यांचा सांधा जुळविण्याचा सरावही व्हावयास हवा. आमच्या पाहण्यात आलेल्या वर्गात हा सराव मोठ्या हौसेने चालला होता. एकीने रुग्ण व्हावयाचे, दुसरीने सिस्टर.

त्यातलेच एक उदाहरण विदर्भातील वाचकांना विशेष रुचेल. गर्भवती म्हणते, ‘तारीख नाही आठवत बाई, पण पोळ्याच्या दिवशी पाळी होती.’ साल २०२४. आता प्रसूतीची अपेक्षित तारीख काढा. त्या वर्षी पोळा २ सप्टेंबरला होता. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावयाचे, म्हणजे ९ जून २०२५. एका मुलीने हे उत्तर झटक्यात सांगितले आणि टाळ्याही मिळविल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला : ‘मॅडम, पण पोळ्याला पाळी आली होती की संपली होती, हे विचारायला नको का?’ खरे उत्तर ते होते. पाळी पोळ्याच्या दिवशी संपत आली असेल, तर सारा हिशेब चार-पाच दिवसांनी मागे जातो. पोळा की तान्हा पोळा, हेही विचारावे, अशी पुस्ती कोणीतरी जोडली. छापील प्रश्नसंचात असा प्रश्न सहसा नसतो. तो वर्गातच तयार होतो.

मोहाचे प्रश्न

काही प्रश्न ज्ञानाची नव्हे, तर निश्चयाची परीक्षा घेतात. लसीकरण सत्रात सकाळी दहा वाजता गोवर-रुबेला लसीची व्हायल द्रावक मिसळून तयार केली. दुपारी अडीच वाजता एक आई तीन-चार किलोमीटर चालत बाळाला घेऊन आली. व्हायलमध्ये दोन डोस शिल्लक आहेत. नियम असा की, ही लस द्रावक मिसळल्यापासून चार तासांच्या आत वापरावयाची, नंतर फेकून द्यावयाची. दोन वाजताच मुदत संपली आहे.

नियम सर्वांना ठाऊक असतो. तरीही वर्गातील काही मुलींनी ‘द्यावी’ असे उत्तर दिले. कारण त्यांना त्या आईची कीव आली. या उत्तराला नुसती फुली मारून भागत नाही. या लसीत जंतुसंसर्ग रोखणारे परिरक्षक नसते, त्यामुळे उघडलेल्या व्हायलमध्ये जंतू वाढू शकतात आणि ती दिल्यास बाळाच्या जिवावर बेतू शकते, हे कारण समजले की उत्तर पक्के होते. एका बाळासाठीसुद्धा नवी व्हायल उघडावी. ती नसेल तर आईला कारण सांगून पुढील सत्राची तारीख द्यावी. उलट पेंटाव्हॅलंटसारख्या काही लसींची उघडलेली व्हायल, शीतसाखळी आणि व्हायलवरील निर्देशक ठीक असल्यास, २८ दिवसांपर्यंत वापरता येते. हा फरक कारणासह ध्यानात ठेवावा. नुसते आकडे ठेवले तर ते आलटून पालटून आठवतात.

चुकांची वही

बरोबर आलेल्या उत्तरांची बेरीज सर्वच मुली करतात. चुकलेल्या उत्तरांची नोंद ठेवणाऱ्या फार थोड्या. दोनशे पानी एक वही यासाठी वेगळी काढावी आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चुकीची जात लिहावी. माहितीच नव्हती? माहिती होती, पण प्रश्नातील ‘नाही’ किंवा ‘सर्वप्रथम’ हा शब्द नजरेतून सुटला? आकडेमोड चुकली? की दोन सारखी नावे एकमेकांत मिसळली? पंधरा दिवसांनी ही वही चाळली की आपली प्रकृती आपणांस कळते. ज्या मुलीच्या चुका बहुतांशी ‘शब्द सुटला’ या जातीच्या आहेत, तिने आणखी एक पुस्तक विकत घेऊन काही साधणार नाही. तिने प्रश्न बोट ठेवून दोनदा वाचावा. अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरापुढेही खूण करावी. तो गुण आपला नव्हे. शिवाय काही भरती परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, तेथे अंदाज महागात पडतो.

बाजारात मिळणाऱ्या ‘हमखास’ प्रश्नसंचांविषयी दोन शब्द. त्यांतील काही चांगले आहेत. काहींची उत्तरसूची चुकीची असते आणि काही केवळ मुखपृष्ठ बदलून पुनर्मुद्रित झालेले असतात. पुस्तक किती जुने आहे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. इंजेक्शनद्वारे द्यावयाच्या पोलिओ लसीचे किती डोस दिले आहेत, ते पाहावे. जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात या लसीचा तिसरा डोस नवव्या महिन्यात समाविष्ट झाला आहे. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे दोनच डोस दाखविणारे पुस्तक त्यापूर्वीचे समजावे आणि त्यातील इतर आकडेही शासनाच्या चालू मार्गदर्शक सूचनांशी पडताळून पाहावेत.

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी प्रश्न सोडवून भागत नाही, हे उघडच आहे. तेथे तोंडाने बोलत हाताने करण्याचा सराव लागतो. हात धुण्यापासून नोंद लिहिण्यापर्यंतची प्रत्येक पायरी मैत्रिणीसमोर करावी आणि तिने पुस्तक उघडून खुणा कराव्यात. बहुतेक मुली ज्या दोन पायऱ्या विसरतात, त्या म्हणजे कृतीपूर्वी रुग्णाला काय करणार ते सांगणे आणि कृतीनंतर नोंद करणे.

सरावासाठी चार प्रश्न

वाचक विद्यार्थिनींनी पुढील प्रश्न आधी स्वतः सोडवावेत. उत्तरे त्याखाली आहेत.

एक : बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजले; श्वासाचा वेग ४५ आहे. बाळ एक महिन्याचे, आठ महिन्यांचे आणि दीड वर्षाचे असेल, तर कोणत्या वयात हा वेग ‘जलद’ समजाल?

दोन : गर्भवतीला झटके आले आहेत, रक्तदाब १७०/११० आहे. पुढे पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यावयाचा आहे. ५० टक्के द्रावणाच्या, प्रत्येकी २ मिलिलिटरच्या किती अँप्युल लागतील?

तीन : मे महिन्यातील दुपार. बांधकामावरील मजूर बेशुद्ध पडला आहे, अंग तापलेले, ताप १०६ अंश फॅरनहाइट. सोबती त्याच्या तोंडात पाणी ओतू पाहत आहेत. सर्वप्रथम काय कराल?

चार : पती आणि पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. पहिले मूल सिकलसेलग्रस्त आहे. पत्नी विचारते, ‘चारांत एक असे डॉक्टरांनी सांगितले होते. मग आता पुढची तीन चांगलीच होतील ना?’

उत्तरे. पहिल्याचे : केवळ दीड वर्षाच्या बाळात. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक वेग जलद समजला जातो. आकडा तोच, वय बदलले की अर्थ बदलतो.

दुसऱ्याचे : पहिला डोस १० ग्रॅमचा, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम याप्रमाणे खोल स्नायूत. ५० टक्के द्रावणाच्या २ मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम औषध असते; म्हणून १० अँप्युल, प्रत्येक बाजूस ५. डोस देऊन स्त्रीला विनाविलंब पुढे पाठवावे.

तिसऱ्याचे : पाणी पाजणे थांबवावे. बेशुद्ध माणसाला तोंडाने काहीही देऊ नये. ते श्वासमार्गात जाते. त्याला सावलीत हलवून, श्वास चालू आहे ना हे पाहून, अंगावर पाणी मारून वारा घालावा. बर्फ मिळाल्यास काखेत, जांघेत आणि मानेशी ठेवावा. रुग्णवाहिका येईपर्यंत शरीर थंड करणे चालूच ठेवावे. पॅरासिटामॉल हे येथे उत्तर नव्हे. उष्माघाताचा ताप त्याने उतरत नाही.

चौथा प्रश्न विदर्भातील सिस्टरला आयुष्यात अनेकदा विचारला जाणार आहे. येथील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. उत्तर आहे ‘नाही’. दोघेही वाहक असताना प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्णतः निरोगी होण्याची चारांत एक असते. आधीच्या मुलाचा पुढच्याशी हिशेब नसतो. प्रत्येक वेळी पाटी कोरी. हे तिला आकड्यांनी सांगून उमगणार नाही. दोन रंगांचे मणी दोन मुठींत घेऊन, प्रत्येक मुठीतून एकेक काढून, ते परत ठेवून पुन्हा काढून दाखवावेत. वर्गातील मुलींनी तसेच केले होते. तिच्या धाकट्या बहिणीची तपासणी करावयाची झाल्यास एवढे ध्यानात ठेवावे की, सोल्युबिलिटी चाचणीने वाहक आणि रुग्ण यांतील फरक कळत नाही. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने खात्री करून घ्यावी लागते आणि तोवर कोणालाही ‘तुला आजार आहे’ असे सांगू नये.